बाळंतिणीसाठी लाडवांचा घाट घालताना

घरात कुणाचे दिवस भरत आले की आईच्या, सासूच्या किंवा मावशीच्या हातची एक यादी वाण्याकडे जाते. डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, गोडंबी, सुंठ, जायफळ, अळीव, बाळंतशोपा आणि ओवा हे जिन्नस त्या यादीत बहुधा असतातच. प्रांताप्रमाणे थोडा फरक पडतो. कोकणात आणि गोव्यात ओला नारळ, अळीव आणि उकड्या तांदळाची पेज यांवर भर असतो, तर विदर्भात आणि खानदेशात डिंकाच्या लाडवांत गोडंबी आणि पुष्कळदा तुपात भाजलेली कणीक असते. या लेखात डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांची कृती सांगितली आहे. केवळ कृती हवी असेल तर ती चार ओळींतही सांगता येईल, परंतु हे लाडू ज्यांनी मन लावून केले आहेत त्यांना ठाऊक असते की ते जमतात किंवा बिघडतात ते प्रमाणापेक्षा लक्षामुळे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर हाताने काय करायचे आणि मन कुठे ठेवायचे, हे दोन्ही सोबतच सांगावे लागते.

या अन्नाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी स्पष्ट असावे. प्रसूतीनंतर शरीराची झीज भरून यायची असते, रक्त गेलेले असते, अंगावर दूध पाजायचे असते आणि झोप मिळत नाही. अशा वेळी थोडक्या घासांत भरपूर ऊर्जा देणारे, दीर्घकाळ टिकणारे आणि मध्यरात्री भूक लागली तर डबा उघडून लगेच हाती घेता येणारे अन्न म्हणजे हा लाडू. तुपातून स्निग्धता, बदाम-खोबऱ्यातून पोषण, गूळ-खारकेतून गोडवा, सुंठ-जायफळातून ऊब असे त्याचे सरळ काम आहे. ते पोषण आहे, उपचार नव्हे. ताप, जास्त रक्तस्राव, टाक्यांचे दुखणे, स्तनात गाठ किंवा मनाची सततची उदासी यांवर लाडू हा उपाय नाही, तिथे डॉक्टरांकडेच जावे. आपल्या परंपरेवर प्रेम असणाऱ्यांनी हे अधिक ठामपणे सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

सामान पारखण्यापासून खरे काम सुरू होते. खाण्याचा डिंक प्रामुख्याने बाभळीचा किंवा धावड्याचा असतो. चांगला डिंक पारदर्शक, फिकट पिवळसर ते मधाच्या रंगाचा असतो आणि बोटांनी दाबल्यास चिकटत नाही. सालीचे तुकडे, माती किंवा काळपट खडे फार दिसत असतील तर तो घेऊ नये. बाजारात डिंकाच्या शेजारीच कतीरा ठेवलेला असतो. तो पाण्यात फुगून लगदा होतो, तुपात मात्र फुलत नाही, म्हणून तो या लाडवांसाठी चालत नाही. परदेशातल्या भारतीय दुकानांत ही गल्लत हमखास होते, कारण तिथे दोन्ही पाकिटांवर ‘गोंद’ हा शब्द असतो. लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार जाणाऱ्या आया डिंक आणि खारकेची पूड सामानात बांधून नेतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

खारीक घेताना ती हातात वाजवून पाहावी. आतली बी खुळखुळत असेल तर ती चांगली वाळलेली असते आणि तिची पूड नीट होते. सुके खोबरे मात्र चाखूनच घ्यावे, कारण खवट खोबरे वासापेक्षा जिभेला आधी कळते आणि एक खवट वाटी संपूर्ण घाण्याची चव बिघडवते. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या फळातला गर. बिब्ब्याच्या टरफलातले तेल कातडीला लागल्यास फोड येतात, म्हणून घरी बिब्बे फोडण्याच्या फंदात न पडता स्वच्छ सोललेली गोडंबीच विकत आणावी, आणि तिच्यावर काळे डाग किंवा टरफलाचे तुकडे असतील तर ते दाणे काढून टाकावेत. बिब्बा हा काजू आणि आंबा यांच्याच कुळातला आहे. बाळंतिणीला काजूची किंवा अन्य कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी असेल तर गोडंबी आणि बदाम वगळून भोपळ्याच्या बिया घालाव्यात. गूळ फार पिवळाधमक नसावा. कोल्हापुरी गुळाची ढेप असो वा गावच्या गुऱ्हाळातला गूळ असो, रंगाने थोडा गडद आणि चवीला खारट न लागणारा गूळ निवडावा.

सुमारे पस्तीस ते चाळीस मध्यम लाडवांसाठी डिंक 200 ग्रॅम, खारकेची पूड 200 ग्रॅम, किसलेले सुके खोबरे 250 ग्रॅम, बदाम 100 ग्रॅम, गोडंबी 50 ग्रॅम, खसखस 50 ग्रॅम, गूळ 500 ग्रॅम आणि साजूक तूप सुमारे 300 ग्रॅम लागते. त्यात दोन चहाचे चमचे सुंठ पूड, अर्धे जायफळ किसून आणि आठ-दहा वेलदोड्यांची पूड घालावी. कणीक घालायची असल्यास 150 ग्रॅम जाडसर कणीक वेगळ्या तुपावर बदामी रंगावर भाजून घ्यावी आणि गूळ 75 ते 100 ग्रॅमांनी वाढवावा.

लाडू एका दिवसात उरकू नयेत. पहिला दिवस केवळ निवडण्याचा असावा. डिंक ताटात पसरून साली आणि खडे वेचून काढावेत, मोठे खडे खलबत्त्यात हलकेच फोडून हरभऱ्याएवढे करावेत आणि दोन तास उन्हात ठेवावेत. खारका फोडून बिया काढाव्यात आणि त्याही उन्हात टाकाव्यात. खोबऱ्याच्या वाटीची काळी पाठ खरवडून मग ती किसावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या अनुभवाने याच दिवशी लाडवांमध्ये जीव ओतला जातो. पूर्वी हे निवडणे माजघरात चार बायका मिळून करत, दळणाबरोबर ओव्या म्हणत आणि बाळंतिणीच्या प्रकृतीची चौकशीही त्याच वेळी होई. ती रात्री किती वेळा उठते, तिला गोड आवडते का, पोट साफ होते का, तिखट सोसते का, या प्रश्नांच्या उत्तरांवरून सुंठ किती, गूळ किती आणि लाडू केवढा हे ठरत असे. आज आपण एकटेच निवडायला बसत असलो तरी तेवढा वेळ फोन दूर ठेवून त्याच माणसाचा विचार करावा. ज्याच्यासाठी रांधायचे आहे तो डोळ्यांसमोर असला की हात आपोआप सावध होतो.

दुसऱ्या दिवशी भाजण्याचा क्रम पाळावा. जड बुडाची कढई घ्यावी आणि आधी कोरडे जिन्नस भाजावेत. खसखस मंद आचेवर रंग किंचित गुलाबी होईपर्यंतच परतावी, कारण ती क्षणात करपते आणि कडू होते. मग खोबऱ्याचा कीस भाजून घ्यावा. तो सोनेरी झाला की लगेच परातीत काढावा, कारण तापलेल्या कढईत राहिल्यास आच बंद केल्यावरही त्याचा रंग चढत जातो. गार झाल्यावर कीस हाताने चुरावा. यानंतर थोड्या तुपावर बदाम आणि गोडंबी वेगवेगळे परतून जाडसर कुटावेत, आणि शेवटी खारकेची पूड दोन चमचे तुपावर केवळ गरम होईपर्यंत हलवावी, कारण तिच्यातल्या साखरेमुळे ती लगेच खाली लागते.

आता डिंक. यासाठी स्वयंपाकघरात दुसरे कोणतेही काम चालू नसावे. कढईत दीडशे ते दोनशे ग्रॅम तूप मध्यम तापवावे आणि एकच खडा टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन पडून राहिला तर तूप अजून गार आहे. पडताक्षणी तडतडून वरून लाल झाला तर तूप फार तापले आहे. तळाशी जाऊन, क्षणभर थांबून, मग हळूहळू फुगत वर आला तर तूप योग्य आहे. खड्यात जी थोडी ओल असते तिची वाफ होऊन तो फुलत असतो आणि त्या वाफेला आतपर्यंत पोहोचायला वेळ हवा असतो, म्हणून आच मंद ठेवून एका वेळी मूठभरच डिंक टाकावा. झाऱ्याने सतत हलवत राहावे. आधी चुरचुर असा बारीक आवाज येतो, खडे दूधट पांढरे होत मूळच्या तिप्पट-चौपट फुलतात आणि आवाज थांबत येतो. आवाज थांबला की एक मोठा खडा बाहेर काढावा, गार होऊ द्यावा आणि बोटांच्या चिमटीत दाबावा. त्याचा लाहीसारखा कोरडा भुगा झाला पाहिजे. मधोमध काचेसारखा चिकट कण हाताला लागला तर डिंक अजून कच्चा आहे.

ही परीक्षा मी पहिल्या वेळी केली नव्हती. धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात मला फार उत्साह होता. मावशी दोनदा म्हणाली होती, “अगं, डिंकाला घाई चालत नाही,” तरीही आच मोठी ठेवून मी अर्ध्या तासात सगळा डिंक तळून मोकळी झाले. वरून तो छान फुललेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने लाडू खाल्ला तेव्हा डिंकाचा कच्चा कण तिच्या दाढेला चिकटला. टाके ओढत असल्याने तिला नीट बसताही येत नव्हते, आणि तशा स्थितीत ती एका हाताने बाळ सांभाळून दुसऱ्या हाताने दात मोकळे करत होती. तिने तक्रार केली नाही, लाडू पूर्ण खाल्ला आणि म्हणाली, “ताई, चव आईच्या लाडवांसारखी आहे.” त्या दिवसापासून प्रत्येक मुठीतला एक खडा चिमटीत दाबल्याशिवाय मी पुढची मूठ तुपात टाकत नाही.

तळलेला डिंक गार झाला की वाटीच्या बुडाने परातीतच दाबून जाडसर चुरावा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याचे पीठ होते आणि दाताखाली येणारा कुरकुरीतपणा जातो. आता सर्व भाजलेले जिन्नस, सुंठ, जायफळ आणि वेलदोड्याची पूड परातीत एकत्र करून हाताने सारखे करावे. हात घालण्यापूर्वी ते कोमट झालेले असावेत.

गुळाचा पाक ही दुसरी अवघड जागा आहे. गूळ बारीक चिरून, त्यात दोन चमचे तूप आणि एक चमचा पाणी घालून, मंद आचेवर विरघळू द्यावा. सगळा गूळ वितळून कडेने बुडबुडे येऊ लागले आणि वर फेस धरला की कढई ताबडतोब खाली उतरवावी. पाक पुढे गेला तर लाडू दगडासारखे होतात. बाळंतिणीच्या हिरड्याही काही काळ नाजूक असू शकतात, त्यामुळे तिला मऊ फुटणारा लाडूच द्यावा. हा पाक परातीतल्या मिश्रणावर ओतून उलथन्याने भराभर कालवावा आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच तळव्याला तूप लावून लाडू वळायला घ्यावेत.

वळणे म्हणजे केवळ गोल करणे नव्हे. मूठभर मिश्रण आधी घट्ट आवळावे, मग थोडे सैल सोडून पुन्हा आवळावे आणि शेवटी दोन्ही तळव्यांत फिरवून गोलाई आणावी. पहिला लाडू फुटला तर घाबरून जाऊ नये. मिश्रण कोरडे वाटत असेल तर एक चमचा कडकडीत तूप सोडावे, आणि गार होऊन सुटू लागले असेल तर परात गरम पाण्याच्या पातेल्यावर दोन मिनिटे ठेवावी. लाडू लिंबापेक्षा थोडा मोठा असावा. फार मोठा लाडू दिला तर तो संपवण्याचे दडपण येते आणि अर्धा उरलेला लाडू ताटलीत तसाच राहतो. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या स्टीलच्या डब्यात भरावेत. ते महिनाभर सहज टिकतात.

अळिवाचे लाडू स्वभावाने वेगळे आहेत. ते मऊ, ओले आणि चार दिवसांत संपवायचे असतात, म्हणून ते थोडे थोडे आणि वारंवार करावेत. 50 ग्रॅम अळीव निवडून, नारळ फोडल्यावर निघालेल्या पाण्यात दोन तास भिजवावेत. पाणी कमी पडले तर साधे पाणी घालून एकूण एक मोठी वाटी भरावे. अळिवाचा प्रत्येक दाणा स्वतःभोवती बुळबुळीत आवरण धरतो आणि सगळे पाणी शोषून घेतो. त्यात दोन नारळांचे खोवलेले खोबरे आणि 250 ग्रॅम चिरलेला गूळ मिसळून अर्धा तास ठेवावे, म्हणजे गुळाला पाणी सुटते. मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ढवळत राहावे. मिश्रण कडा सोडून गोळ्यासारखे एकत्र फिरू लागले की जायफळ घालून उतरवावे आणि कोमट असतानाच लाडू वळावेत. हे लाडू फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावेत.

अळिवात लोह चांगले असते. वनस्पतीतले लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी सोबत आवळा, लिंबू किंवा संत्रे यांसारखे आंबट काही असावे, आणि लाडवानंतर तासभर तरी चहा टाळावा. खीर करायची असल्यास चमचाभर भिजवलेले अळीव दुधात शिजवून, पातेले उतरवून दूध थोडे निवल्यावरच गूळ घालावा, नाहीतर दूध फाटते. गरोदरपणात मात्र अळीव देत नाहीत. तो संकेत जुना आहे आणि आजही पाळावा.

हे दोन्ही लाडू जेवणाची जागा घेत नाहीत. पहिले काही दिवस पोट नाजूक असते, तेव्हा मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाच्या डाळीचे वरण किंवा पेज हेच अन्न चांगले. भूक नीट लागू लागली, शौचास साफ होऊ लागले आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांनी नेहमीच्या आहाराला होकार दिला की डिंकाचा लाडू सुरू करावा. पुढे बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि लसणाची चटणी ताटात येतात. जेवणानंतर भाजलेल्या बाळंतशोपा, ओवा, तीळ, सुके खोबरे आणि चिमूटभर सैंधव यांची सुपारी द्यावी. बाळंतशोपा म्हणजे शेपूच्याच बिया, आणि त्या मंद भाजल्या की घरभर जो वास पसरतो त्यावरून शेजाऱ्यांना घरात बाळ आल्याचे कळते.

काही जुन्या गोष्टी मात्र सोडून दिल्या पाहिजेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे ही समजूत चुकीची आहे. दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते आणि तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या कायम भरलेला हवा. कातबोळासारखे तीव्र पदार्थ वैद्यांना विचारल्याशिवाय लाडवांत घालू नयेत. बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध तर बोटभरही चाटवू नये. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर गुळाचे प्रमाण आणि लाडवांची संख्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. अशा बाळंतिणीसाठी मी खारीक व गूळ दोन्ही निम्म्यावर आणते, बदाम वाढवते आणि लाडू वळण्याऐवजी तसाच चुरा वाटीत देते, कारण गूळ कमी असला की लाडू धरत नाही. खाणारीला जे सोसेल ते द्यावे, परंपरेचे प्रमाण तिच्यापेक्षा मोठे नाही.

लाडू देण्याची वेळ सकाळची, पहिल्या भुकेची असावी. सोबत कपभर गरम दूध द्यावे. “एक तरी खा, दोन तरी खा” असा आग्रह करू नये. तिने काल किती खाल्ले, त्यानंतर पोट जड वाटले का, रात्री कोणत्या वेळी भूक लागली, हे शांतपणे विचारावे आणि पुढच्या घाण्यात त्याप्रमाणे बदल करावा. एखादीला सुंठेने जळजळ होते, तिच्यासाठी ती निम्मी करावी. एखादीला जायफळाचा वास नकोसा होतो, तिच्यासाठी वेलदोडाच पुरे. रात्रीच्या पाजण्यासाठी दोन लाडू झाकणाच्या वाटीत तिच्या हाताशी ठेवावेत, म्हणजे अंधारात उठून डबा शोधावा लागत नाही. आणि सकाळी ताटली तिच्यापुढे ठेवली की बाळाला आपण मांडीवर घ्यावे, म्हणजे दूध गरम असतानाच तिला दोन्ही हातांनी, निवांतपणे खाता येईल.